दोन दिवसांत सिएना, एक पेठ वगळून

सिएनात दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने काय बघावं, आधी कुठे जावं, कुठल्या चढावर दम खायला थांबावं आणि कुठल्या खानावळीचं तोंडही बघू नये, हे आदेमारो बिंदींइतकं नेटकं कोणी आखून देत नसे. जन्मभर त्यांनी गावातली छोटी बस चालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. खोल्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. पलंग कुरकुरायचे, आणि गरम पाणी यायचं ते त्याच्या मनात आलं तर. तरी पाहुणे जाताना आदेमारोंचे हात हातात घेऊन निरोप घेत, ते त्यांच्या आखणीपायी.

संध्याकाळी पाहुणा पोचला की ते त्याला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवत, पुढ्यात वाइनचा ग्लास ठेवत, नकाशा पसरत आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावत. मग सुरू. सकाळी आधी मोठं चर्च, कारण उशीर केलात तर बसगाड्या तिथे माणसं ओतायला लागतात. मग नगरभवनातली भिंतीवरची चित्रं. तिथे चांगल्या राज्यकारभाराच्या चित्रासमोर जास्त थांबा. वाईट कारभाराचं चित्र तुम्हाला घरी गेल्यावरही बघायला मिळेल. मग चौकात या आणि सरळ जमिनीवर बसा. खुर्चीत बसून चौक दिसतो, पण कळत नाही.

या आखणीत एकच गोष्ट नसायची. ती म्हणजे कासव पेठ.

सिएनात पेठा सतरा. प्रत्येकीचं निशाण वेगळं, मंडळ वेगळं, मंडळाचा अध्यक्ष वेगळा, आणि उन्हाळ्यात दोनदा चौकात पालिओ होतो, म्हणजे घोड्यांची शर्यत, तेव्हा एकमेकींचं नाक कापायची सोय. आदेमारो गोगलगाय पेठेचे. गोगलगायीचं वैर कासवाशी. सावकाश चालण्याबद्दल जगभर नाव असलेले हे दोन जीव घोड्यांच्या शर्यतीवरून एकमेकांच्या नरड्याला लागतात, यात हसण्यासारखं काय आहे हे सिएनातल्या कोणाला कळत नाही. दोघांच्याही निशाणात पिवळा आणि निळा रंग आहे. गोगलगायीच्या निशाणात लाल जास्तीचा. त्या लालपायी आजवर बरीच नाकं लाल झालेली आहेत. शिवाय कासववाल्यांचं म्हणणं असं, की फार पूर्वी शर्यत हरल्यावर गोगलगायवाल्यांनी रागाच्या भरात संत अंतोनिओची मूर्ती विहिरीत टाकली. तेव्हापासून ते यांना 'संतबुडवे' म्हणतात. आदेमारोंचं यावर उत्तर ठरलेलं होतं: असं काही झालंच नाही, आणि झालं असेल तर संतानेही काहीतरी केलंच असणार.

बस चालवायचे तेव्हा कासव पेठेतून जाणारा मार्ग वाट्याला आला की ते पाळी बदलून घेत. एकदा बदली मिळाली नाही. तेव्हा त्यांनी बस नेली, पण त्या पट्ट्यात थांबे घ्यायचे विसरले. पाहुण्यांसाठी छापून घेतलेल्या नकाशावर तर कासव पेठ मुळी नव्हतीच. त्या जागी ठसठशीत चौकट होती: 'न्याहारी आठपासून. कृपया ओल्या टॉवेलने बूट पुसू नयेत.' एका डच बाईंनी एकदा फार नम्रपणे विचारलं, की चौकातून घरी यायला मधली गल्ली सरळ दिसते, तरी तुम्ही आम्हाला टेकडीला वळसा का घालायला लावलात? आदेमारो म्हणाले, बाई, सरळ रस्त्याने आलात तर सिएना तुम्हाला कळणार कशी?

आणि अशा या माणसाची बायको कासव पेठेची होती.

फोस्काशी त्यांचं लग्न झालं तेव्हा दोन्ही मंडळांत सुतक पडल्यासारखं झालं होतं. पण संसार चांगला झाला. वर्षभर दोघं एका ताटात जेवत, एकमेकांचे चष्मे शोधून देत. फक्त शर्यतीचे दिवस आले की फोस्का पिशवीत कपडे भरायची आणि भावाकडे, नेल्लोकडे, कासव पेठेत राहायला जायची. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. त्या दिवसांत दोघं रस्त्यात समोरासमोर आली तरी ओळख दाखवत नसत. शर्यत झाली की ती परत यायची, पिशवी ठेवायची आणि विचारायची, "दूध आणलंस का?" यात कोणाला काही वावगं वाटत नसे. अशी घरं गावात पुष्कळ होती.

अवघड प्रश्न फक्त मुलांचा. सिएनातल्या मुलाचा बाप्तिस्मा दोनदा होतो. एक चर्चमध्ये, आत्म्यासाठी. दुसरा पेठेच्या कारंज्यावर, बाकी सगळ्यासाठी. अध्यक्ष डोक्यावर पाणी घालतो, गळ्यात रुमाल बांधतो, आणि मग ते पोर मरेपर्यंत त्या पेठेचं. मिलेना जन्मली तेव्हा नवरा-बायकोनं ठरवलं, की पहिलं मूल गोगलगायीचं, दुसरं कासवाचं. मिलेनाला गोगलगायीचं पाणी मिळालं. दुसरं मूल झालं नाही. फोस्काने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि आदेमारोंनी त्याचा अर्थ असा लावला की ती विसरली.

मिलेना जाकोमोशी लग्न करून तुरीनला गेली. तिथल्या लोकांना पेठच नसते. ते नुसते गल्ली आणि नंबरावर राहतात. तिची मुलगी आगाता सहा वर्षांची झाली तरी कारंज्याचं पाणी तिच्या डोक्यावर पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट आदेमारोंना बुटातल्या खड्यासारखी टोचत होती. म्हणून मे महिन्यात मिलेनाचा फोन आला तेव्हा ते उभ्याने ऐकत होते ते खुर्चीत बसले.

मिलेना म्हणाली, दोन दिवस येतोय. जाकोमोने लग्नाच्या वेळी सिएना पाहिलं ते सगळं फोटोवाल्याच्या मागून, तर बाबा, तू पाहुण्यांना आखून देतोस तसं आम्हाला आखून दे. आणि जूनमध्ये आगाताचं पाणी करून टाकू. कुठल्या पेठेचं, ते आगाता ठरवेल. तिला कोणी विचारायचं नाही, पढवायचं नाही. रविवारी जेवताना ती आपण होऊन सांगेल.

आदेमारो म्हणाले, बरोबर आहे, मुलांवर लादू नये. फोन ठेवला आणि टोपी घालून ते तडक मंडळात गेले.

गोगलगाय मंडळात त्या संध्याकाळी पत्ते बाजूला पडले. एवढी मोठी गोष्ट एकट्या माणसावर सोडायची कोणाची तयारी नव्हती. एक जण म्हणाला, पोरीच्या हातात ढोलाच्या काठ्या द्या, मुलं ढोलाला भुलतात. दुसरा म्हणाला, कारंज्यापाशी आइस्क्रीम द्या, म्हणजे कारंजं म्हटलं की तिला आइस्क्रीम आठवेल. मंडळाची स्वयंपाकीण म्हणाली, बागेतून खऱ्याखुऱ्या चार गोगलगायी आणून तिच्या तळहातावर ठेवा. यावर आदेमारोंचा मित्र ओत्ताविओ, जो कधीकाळी शिंपी होता आणि आता फक्त दुसऱ्यांच्या गोष्टीत टाके घालायचा, तो शांतपणे म्हणाला, "जावई तुरीनकडचा आहे. तिकडे गोगलगायी लसूण आणि लोणी घालून खातात. पोरीने त्या तोंडात टाकल्या तर काय करशील?"

चार गोगलगायी रद्द झाल्या. बाकीचं सगळं आखणीत आलं.

तशी आखणी आदेमारोंनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. शनिवारी चौक, नगरभवन, मग सहज चालता चालता गोगलगाय पेठ. तिथे मंडळाचं संग्रहालय, जिंकलेली निशाणं, घोड्याचा तबेला, कारंजं, आइस्क्रीम, ढोल, आणि संध्याकाळी अंगणात लांब टेबलावर सगळ्या पेठेबरोबर जेवण. रविवारी मोठं चर्च, पुन्हा चौक, मग घरी जेवायला. कुठेही कासवाचं निशाण, कासवाचा दिवा किंवा भिंतीतली कासवाची फरशी नजरेस पडणार नाही अशा बेताने गल्ल्या निवडल्या. त्यापायी प्रत्येक वाट दुप्पट झाली, पण आखणी म्हटली की थोडंफार चालावं लागतंच.

घरात फोस्का पीठ मळत होती. जाड शेवयांसारखे पिची ती हातावर वळायची, एकेक, दोरीसारखे लांब. आदेमारो तिच्या मागे घुटमळले. शेवटी म्हणाले, तू काहीच बोलत नाहीस.

"काय बोलू?" फोस्का म्हणाली. "तुझी आखणी आहे. फक्त त्या पोरीचे पाय केवढे आहेत ते एकदा बघून ठेव."

जाकोमो सरळ मनाचा माणूस. आल्या आल्या त्याने सांगितलं, की संत अगुस्तिनोच्या चर्चमधली चित्रं त्याला बघायची आहेत, तेवढं आखणीत बसवा. संत अगुस्तिनोचं चर्च कासव पेठेत. आदेमारोंनी पापणीही न लववता सांगितलं, की ते बंद आहे, छताचं काम चाललंय. जाकोमो हळहळला. फोस्काने परातीवरून मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पीठ वळायला लागली.

शनिवार बराचसा ठरल्याप्रमाणे झाला. नगरभवनात आगाताने चांगल्या राज्यकारभाराच्या चित्रातल्या नाचणाऱ्या बायका मोजल्या आणि विचारलं, यांना चालून चालून थकायला होत नाही का? संग्रहालयात तिला तीच ती निशाणं दाखवताना आदेमारोंचा आवाज भरून येत होता. ती मात्र काचेवर नाक दाबून वाफेने तोंडं काढत होती. तबेला रिकामा होता, कारण घोडा शर्यतीच्या वेळीच येतो. मग आदेमारोंनी रिकाम्या तबेल्याचंच वर्णन केलं. ढोल मात्र तिला आवडला. ती तो इतका वेळ वाजवत राहिली, की ढोल शिकवणारा मुलगा शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने गेला तो आलाच नाही. रात्री जेवताना पन्नासभर माणसांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि गोड शब्दांत विचारलं, काय मग, मजा आली ना? विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. पण हे विचारणं नव्हे, असं सगळ्यांचं मत पडलं. आगाता ताटावर मान टाकून झोपली. आदेमारोंनी तिला खांद्यावर घेतलं आणि ओत्ताविओकडे बघून डोळा मिचकावला.

रविवारी दुपारी, चौकातून घरी येताना, सगळं फिसकटलं.

मिलेना आईला मदत करायला पुढे गेली होती. आदेमारो, जाकोमो आणि आगाता मागून येत होते. मधल्या गल्लीच्या तोंडाशी आगाता थांबली, पाय एकमेकांवर घट्ट दाबले आणि म्हणाली, आजोबा, मला लागलीय.

गल्लीतून सरळ गेलं असतं तर घर हाकेच्या अंतरावर होतं. त्या गल्लीत नेल्लोचं घर होतं, कासव मंडळाचं दारही उघडं होतं, आत दिवा दिसत होता. आणि गल्लीच्या तोंडाशीच भिंतीत ती कासवाची फरशी होती. आदेमारोंनी फरशीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. म्हणाले, "आलंच घर, राणी. या बाजूने."

आणि ते वळसा घालायच्या वाटेला लागले.

जाकोमो म्हणाला, अहो, हा रस्ता सरळ दिसतोय. आदेमारो म्हणाले, दिसतो तसा नाही. मग उतार आला. मग चढ आला. आगाता आधी बोलत होती, मग बोलायची थांबली, मग चालायची थांबली. चढाच्या मध्यावर, एका म्हाताऱ्या बाईच्या जिरेनियमच्या कुंड्यांसमोर, जे व्हायचं ते झालं. मोजे भिजले, बूट भिजले. आगाता रडली नाही. तिने आजोबांकडे नुसतं पाहिलं. बस चालवताना पुष्कळ माणसांनी आदेमारोंकडे रागाने पाहिलं होतं, पण कोणी असं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या बाजूने फोस्का आली. जेवण निवतंय म्हणून शोधायला निघाली होती. तिने काही विचारलं नाही. पोरीला उचलून कडेवर घेतलं, ओल्या मोज्यांसकट, आणि बाजूच्या बोळातून थेट भावाच्या घराकडे चालू लागली. आदेमारो मागे धावले, आणि बोळ जिथे कासव पेठेला मिळतो तिथे त्यांचे पाय आपोआप थांबले. आतून बायकांचे आवाज आले, पाण्याचा आवाज आला. मग आगाताचं हसू. मग कोणी तरी बॉल लाथाडल्याचा आवाज, आणि पुन्हा हसू. आदेमारो ओळंब्यासारखे सीमेवर ताठ उभे होते.

जाकोमो मात्र आत गेला. त्याला सीमा दिसतच नव्हती. बऱ्याच वेळाने परत आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "छताचं काम आज सकाळीच संपलं वाटतं. चर्च उघडं आहे, आणि चित्रं काय आहेत म्हणून सांगू." हे तो टोमणा म्हणून म्हणाला की मनापासून, हे आदेमारोंना आजवर कळलेलं नाही.

जेवायला आगाता आली ती कमरेभोवती पिवळा-निळा रेशमी रुमाल लुंगीसारखा गुंडाळून. नेल्लोच्या घरात तिच्या मापाचं दुसरं काही सापडलं नाही, असं फोस्काने सांगितलं. पिची वाढले गेले. शेवटी मिलेनानेच विचारलं, मग आगाता, कुठलं पाणी?

"कासवाचं," आगाता म्हणाली आणि एक लांबलचक पिची सुर्रकन ओढला.

आदेमारोंनी काटा खाली ठेवला. "ढोल वाजवलास ना तू? आवडला ना?"

"आवडला. पण आजोबा, तुझी पेठ फार लांब आहे."

हे म्हणताना ती गोगलगाय पेठेच्या बरोब्बर मध्यावर बसलेली होती.

संध्याकाळी मिलेना, जाकोमो आणि आगाता गाडीत बसून गेली. स्वयंपाकघरात फोस्का ताटं धूत होती, आदेमारो पुसत होते. एकच ताट ते फार वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, की मुलाला भिजवून रुमाल गुंडाळणं ही काही सरळ लढाई नव्हे.

"भिजवलं कोणी?" फोस्काने विचारलं. तिने नळ बंद केला, हात पुसले. "दुसरं मूल माझं ठरलं होतं, आदेमारो."

"दुसरं झालं कुठे?"

"नाही झालं. म्हणून मी ठरलेलं विसरले असं तुला वाटलं?"

सिएनातल्या कुठल्याही दोन ठिकाणांच्या मध्ये आदेमारोंकडे वळसा तयार असायचा. या बोलण्याला त्यांना तो सापडला नाही. ते म्हणाले, मी पाण्याला येणार नाही. फोस्का म्हणाली, कोणी बोलावलंय?

जून उजाडला. मंडळात ओत्ताविओने पत्ते पिसता पिसता एकदाच विचारलं, तू जाणार नाहीस ना रे? आदेमारो म्हणाले, वेड लागलंय का? ओत्ताविओने पत्ते वाटले आणि म्हणाला, नातीच्या पाण्याला न जाणारा गोगलगायवाला मी पाहिलेला नाही, आणि कासवाच्या पाण्याला जाणाराही पाहिलेला नाही, तेव्हा काहीही केलंस तरी तू पहिलाच. हे सांत्वन होतं की शिवी, हे त्याचं त्यालाच माहीत.

पाण्याच्या दिवशी तुरीनची मंडळी आली, आणि फोस्का सकाळीच मिलेना आणि आगाताला घेऊन भावाकडे गेली. दुपारी आदेमारोंनी पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंचं कपाट उघडलं आणि आखणी केली. फार विचार करून केलेली आखणी होती ती. रुंद काठाची गवती टोपी. गळ्यात कॅमेरा, ज्यात बॅटरी नव्हती. गुडघ्यापर्यंतची विजार. सँडल, आणि सँडलमध्ये पांढरे मोजे. आरशात बघून त्यांना स्वतःची किळस आली. म्हणजे वेष जमला होता. गोगलगाय पेठेचा आदेमारो बिंदी कासव पेठेत पाऊल टाकणार नव्हता. पण दोन दिवसांसाठी आलेला एखादा म्हातारा प्रवासी कुठेही जाऊ शकतो. त्याला काय कळतं?

जाकोमोबरोबर ते निघाले आणि मधल्या गल्लीतून, फरशीखालून, आत शिरले. डोकं खाली, पण पाय थांबले नाहीत. कासव पेठेत सगळीकडे निशाणं लागली होती, वाइनची पिंपं उघडलेली होती, आणि दारादारांतून माणसं उभी होती. त्यातल्या प्रत्येकाने आदेमारोंना जन्मापासून पाहिलेलं होतं. निम्म्यांना त्यांनी थांब्यावर न घेता बस पुढे नेलेली होती. गल्ली हळूहळू गप्प झाली. आदेमारोंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एका नळाचा फोटो काढल्यासारखं केलं.

नेल्लो पुढे आला. मेव्हण्याला गेली कित्येक वर्षं तो 'अरे आदेमारो' याशिवाय दुसऱ्या कशाने हाक मारत नसे. आज त्याने छातीवर हात ठेवून थोडी मान झुकवली.

"नमस्कार. आपण पाहुणे दिसता. कुठून येणं झालं?"

आदेमारो घसा खाकरून म्हणाले, "तुरीनहून."

"वा. किती दिवस मुक्काम?"

"दोनच दिवस."

"आमच्या पेठेत यापूर्वी कधी येणं झालं होतं?"

"नाही," आदेमारो म्हणाले. "पहिल्यांदाच." आणि हे बोलताना त्यांना वाटून गेलं, की थांबे न घेतलेला तो एक दिवस सोडला तर यात खोटं काहीच नाही.

नेल्लोने मागे वळून कोणाला तरी खूण केली. पाहुण्यांसाठी वाइन आली. ती आपल्या मंडळातल्यापेक्षा बरी होती, म्हणून आदेमारोंनी तोंड वाकडं केलं आणि ग्लास रिकामा केला. गल्लीत पुन्हा बोलणं सुरू झालं. कोणी हसलं नाही, निदान समोर तरी. दोन दिवसांच्या पाहुण्याला हसायचं नसतं, एवढी रीत दोन्ही पेठांत सारखीच होती.

कारंज्यापाशी मुलांची रांग होती. आगाता पांढऱ्या फ्रॉकमध्ये, तिच्यामागे फोस्का, गळ्यात पिवळा-निळा रुमाल बांधून. तिचा चेहरा लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका उजळला होता का, हे आदेमारोंना आठवेना. अध्यक्षाने नाव उच्चारलं, पाणी घातलं. आगाताने डोळे मिटले, अंग चोरलं, मग रुमाल बांधून घेतला आणि गर्दीत कोणाला तरी शोधायला लागली. टोपी, कॅमेरा, पांढरे मोजे, यातलं तिने काहीच पाहिलं नसावं.

"आजोबा," तिने सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी हाक मारली.

आदेमारोंनी मागे वळून पाहिलं, आजोबा कोणाचे ते बघायला. मागे भिंत होती. फोस्काने नातीचे ओले केस पुसायला घेतले. तिने वर पाहिलं नाही.

आगाताने दुसरी हाक मारली. या वेळी आदेमारोंनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून हात वर केला.